गुलाबाचा शेपू

मी झाडाला हात लावला की झाड सुधारतं, हे सगळ्या कळंब गावाला ठाऊक आहे. आमच्या ओट्यावरच्या गुलाबाला तेवढं कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत चार दिवस बसलो, पण खिडकीतून बटाट्याचं रान दिसायचं आणि त्या रानात मास्तरांपेक्षा जास्त शिकायला मिळेल असं मला वाटलं, म्हणून घरी आलो. (मास्तरांनी अडवलं नाही. त्यांचंही तेच मत असावं.) तेव्हापासून कांदा, बटाटा, ऊस आणि मी असे चौघं एकत्रच वाढलो. आज कुणाच्या मिरचीचं पान पिवळं पडलं, कुणाच्या टोमॅटोवर ठिपका आला, की माणूस ते पान खिशात घालून माझ्याकडं येतो. मी पान घेतो, उन्हाकडं धरतो, उलटं करतो आणि "हं" म्हणतो. त्या "हं"ला आमच्या गावात वजन आहे. डिग्रीवाली पोरंसुद्धा माझ्या "हं"ची वाट बघत उन्हात उभी राहतात.

तर ओट्याची गोष्ट. पोरानं, म्हणजे आमच्या संदीपनं, नवं घर बांधलं तेव्हा इंजिनिअरनं ओट्याला "पोर्च" असं नाव दिलं. नाव बदललं तरी बसायची जागा तीच आणि बसणारा मीच. त्या ओट्यावर सूनबाईनं, सारिकानं, सात कुंड्या मांडल्या. कुंड्या म्हणजे काय, रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे आणि एक फुटका माठ. मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो, शेवंती, गवती चहा, आणि सगळ्यांच्या मधोमध, खऱ्या मातीच्या कुंडीत, गावठी गुलाब.

हा गुलाब साधा नव्हता. सारिका तळेघरच्या बाजूची, डोंगरातली. आमचा संदीप घोडेगावच्या कॉलेजात शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर सूनही घेऊन आला. (डिग्रीचा उपयोग अजून दिसलेला नाही. सुनेचा आहे.) तिच्या आईनं माहेरच्या अंगणात हा गुलाब लावलेला. आई वारली. मग रस्ता रुंद झाला, त्यात अंगण गेलं, अंगणाबरोबर झाड गेलं. पण झाड जायच्या आदल्या दिवशी आमच्या व्याह्यांनी एक फांदी कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन इथवर आणून दिली. त्या झाडाचं जगात तेवढंच उरलेलं.

व्याही भाताचा शेतकरी. बोलण्यात फार काटकसरी माणूस. लेकीला फोन केला की "बरी हाय का?" असं विचारत नाहीत. "गुलाब कसा हाय?" एवढंच. गुलाब बरा म्हणजे लेक बरी, असा त्यांचा हिशोब. यंदा कार्तिकात झाडाला पहिल्यांदाच कळ्या आल्या. चार! सारिकानं फोनवर सांगितलं, तर व्याह्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "भात झोडून झालं की बघाया येतो."

आता इथं मी गप्प बसायला काय हरकत होती? पण नाही. मी सुनेच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "पावणं, तुमी या तर खरं! चार कळ्यांचं काय घेऊन बसलात, तुमी येईस्तोवर फुलं मोजाया बोटं पुरायची न्हाईत! माझा शब्द हाय!"

"बरं," व्याही म्हणाले आणि फोन ठेवला.

शब्द दिला म्हटल्यावर कामाला लागलो. आमच्याकडं एक पद्धत आहे. माणसाला औषध देतात, गुरांना औषध पाजतात, पण झाडाला औषध मारतात. शब्दच तसा आहे, त्याला मी काय करू? रोग असो, कीड असो, नुसतं वाढीचं टॉनिक असो, आम्ही सगळ्याला "औषध"च म्हणतो आणि ते "मारतो"च. मी फुलं यायचं टॉनिक काढलं. गोठ्यात खुंटीवर पाठीवरचा पंप होता. संदीपनं बॅटरीचा नवा आणलाय, पण त्याला आधी चार्जिंगला लावावं लागतं, आणि कामाच्या आधी जेवण मागणारा गडी मला आवडत नाही. म्हणून आपला जुना, हाताच्या दांड्याचा.

पंप पाठीला लावून ओट्यावर आलो तर आमची मंडळी तांदूळ निवडत बसलेली. तिनं मान वर न करता विचारलं, "पंप धुतला का?"

"तू तांदळातलं खडं बघ!"

"म्या नुसतं इचारलं."

"धुतलाय! पन्नास वर्सं पंप वागवतोय मी!"

आणि सहा कुंड्यांवर असं टॉनिक मारलं म्हणता, पानं नुसती न्हाऊन निघाली. थोडं उरलं ते सातव्या, गवती चहावरही मारलं. आपल्या घरात आपपरभाव नसतो.

चौथ्या दिवशी सकाळी सारिकाची हाक आली. "तात्या, जरा बाहेर या की."

बघतो तर गुलाबाच्या शेंड्याची कोवळी पानं वळलेली. साधी वळलेली नव्हेत, ओला पंचा पिळावा तशी. देठ वाकडे, कळ्यांच्या माना खाली. टोमॅटोच्या पानांच्या तर नुसत्या दोऱ्या झालेल्या.

मी पान तोडलं, उन्हाकडं धरलं, उलटं केलं. "हं."

"काय झालंय?"

आता काय झालंय हे मला कळेना. पण "हं" म्हणून झालेलं होतं, आणि त्याच्यानंतर गप्प राहायची माझी प्रथा नाही. "कुणीतरी ओरबाडलंय," मी म्हणालो.

कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. भिंतीपलीकडं आमचा शेजारी गेनभाऊ राहतो, आणि गेनभाऊकडं एक बोकड आहे. बोकडासारखा बोकड, पण गेनभाऊ त्याला "सरकार" म्हणतो. मी तडक गेलो.

"गेनभाऊ, तुझा सरकार काल आमच्या वट्यावर आल्ता!"

"दावणीला व्हता दिवसभर. वैनीस्नी इचारा."

"तोंड उघड त्याचं!"

"माझं?"

"बोकडाचं!"

गेनभाऊनं बोकडाचे जबडे धरले, मी आत डोकावलो. गुलाबाचा वास येतोय का ते बघायला नाक जवळ नेलं. तेवढ्यात सरकार शिंकले. पुढचं सांगत नाही. तोंड धुऊन परत आलो तर आमची मंडळी दारात.

"बोकड पान खातो का पिळून वाळत घालतो?" तिनं विचारलं.

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी पंच्यानं परत एकदा तोंड पुसलं.

बोकड सुटला. मग मी वानरांवर आलो, वानरांवरून मांजरावर, मांजरावरून थंडीवर. शेवटी माझ्यातला जाणता शेतकरी जागा झाला. ही कीड आहे! डोळ्याला न दिसणारी! न दिसणाऱ्या किडीचा एक फायदा असतो, ती नाही असं कुणाला दाखवून देता येत नाही. मी किडीचं औषध काढलं, पंप पाठीला लावला आणि मारलं. दोन दिवस वाट बघितली. गुलाब आणखी पिळला. मोगऱ्याची पानं वाटीसारखी झाली. मिरचीनं तर मान अशी टाकली, जशी संदीपनं दहावीच्या निकालाला टाकलेली.

"किडीचा जोर लई हाय," मी म्हणालो, आणि औषध वाढवून परत मारलं.

मग सारिकानं आपला फोन काढला. म्हणाली, "तात्या, ह्यात फोटू काढला की झाडाचं नाव, रोग, समदं सांगतंय." मला हसू आलं. ज्याला स्वतःला रोज चार्ज करावं लागतं तो झाडाला काय बरं करणार! पण तिनं टोमॅटोचा फोटो काढला. फोननं विचार केला, गोल गोल फिरला, आणि सांगितलं की हा शेपू आहे.

"शेपू?"

"शेपूच म्हनतोय. पाणी बेताचं द्या म्हनतोय."

मग गुलाबाचा फोटो. पुन्हा फिरला. पुन्हा शेपू! आमची मंडळी आतून म्हणाली, "बरं झालं, संध्याकाळच्या भाजीचं भागलं."

सगळे हसले. मीही हसलो. पण सुनेकडं बघितलं तर ती हसत नव्हती. ती वाकून गुलाबाच्या कळ्या बोटानं सरळ करायला बघत होती. कळी सरळ केली की हात काढल्यावर परत खाली. तेवढ्यात फोन वाजला. माहेरचा, तिच्या बापाचा; बापाला ती दादा म्हणते. पलीकडून तोच एक प्रश्न. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "हाय... बराय, दादा." खोटं बोलायची सवय नाही पोरीला. शब्द मी दिलेला होता, आणि खोटं तिला बोलावं लागलं.

त्या दिवशी मी ठरवलं, आता हयगय नाही.

मी सगळा विचार करून निदान जाहीर केलं. पानं वळतात, बारीक होतात, एका झाडावरून दुसऱ्यावर जातं, औषधाला दाद देत नाही. मग दुसरं काय असणार? ओट्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "ह्यो बोकड्या हाय! बोकड्याच हाय!"

भिंतीपलीकडून गेनभाऊ गरजला, "परत माझ्या बोकडाचं नाव? आवं त्याचं तोंड बघून झालं ना तुमचं!"

"आरं बोकड न्हाई, बोकड्या! रोगाचं नाव हाय ते! पानं आवळून येत्यात ना, त्यो!"

"मंग त्याला दुसरं नाव द्या की! गावात एकच बोकड हाय का नावं ठेवाया!"

रोगाचं नाव मी ठेवलेलं नाही, मिरची लावणारा प्रत्येक माणूस त्याला बोकड्या म्हणतो, हे त्याला पटवता पटवता दुपार झाली. शेवटी तह झाला, आणि तहाची खूण म्हणून मी त्याच्या भिंतीवरच्या शेवंतीच्या कुंड्यांनाही औषध मारून दिलं. फुकट! रोग यायच्या आधीच बंदोबस्त केलेला बरा. उरलेलं औषध घेऊन अंगणात आलो तर समोर तुळस.

"तुळशीला हात लावायचा न्हाई," मंडळी म्हणाली.

"हात कुठं लावतोय? लांबून मारतो."

आणि ओट्यावर बंदी केली. चुन्याची रेघ मारली, सुतळी बांधली. चपलेला रोग चिकटून जातो म्हणून सगळ्यांनी मागच्या दारानं यायचं. पोस्टमन आला, त्याला मागून पाठवला, तो गोठ्यात शेणात घसरला. संदीप कंपनीतून दमून आला, त्याला मागून पाठवला. म्हणाला, "तात्या, हप्ता माझा चाललाय ना घराचा? मग पुढच्या दारातनं कवा जायचं?" मी म्हणालो, "गुलाब बरा झाल्यावर."

चार दिवसांनी तुळस वळली.

तुळस वळली म्हणजे आमच्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की दोन दिवस मला जेवण मिळालं, पण वाढणारं कुणी नव्हतं. आणि त्याच सकाळी भिंतीवरून गेनभाऊचं डोकं वर आलं. "तात्या, आमच्या शेवंतीची शेपटी झालीया. डुकराच्या शेपटीवानी."

"बघ! मी म्हणालो व्हतो का न्हाई, साथ हाय म्हणून!"

"तुमी मारल्यावर आली."

"मारलं नसतं तर लई वाढली असती!"

अशा तऱ्हेनं एक सोडून सगळी झाडं आजारी. एक सोडून! हे माझ्या लक्षात आलं आणि मी चमकलो. सगळ्या कुंड्यांत मुडदे उभे असल्यासारखी झाडं, आणि कोपऱ्यात गवती चहा मात्र हिरवागार, ताठ, वाऱ्यावर डुलतोय! त्यालाही तेच औषध, तेच पाणी. मग ह्यालाच काही कसं होत नाही? मी सुतळीच्या बाहेर उकिडवा बसून त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिलो. पोलिसात असतो तर नाव काढलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

"सारिके, सापडला!"

"काय?"

"गवती चहा! ह्यो आतनं फितूर हाय. रोग ह्याच्यात राहतोय, ह्याला काय करीत न्हाई, आणि बाकीच्यांवर सोडतोय!"

मी गवती चहाचा तो फुटका माठ उचलला आणि गोठ्यामागं, उकिरड्याच्या पलीकडं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहाला वास नाही, आणि माझ्याशी कुणी बोलेना. पण खरं निदान करणाऱ्या माणसाला एवढं सोसावं लागतं.

शुक्रवारी निरोप आला. भात झोडून झालं, व्याही रविवारी येतायत.

मी ओट्यावर जाऊन गुलाबापुढं उभा राहिलो. कळ्या तपकिरी होऊन वाळलेल्या. शब्द तर दिलेला. बोटं पुरणार नाहीत! आता ह्या माणसाच्या तोंडाकडं कसं बघायचं? शनिवारी सकाळी उठून मंचरला गेलो आणि फुलवाल्याकडून लाल गुलाबाची फुलं घेऊन आलो. सारिका विहिरीवर धुणं घेऊन गेलेली. मंडळीनं बघितलं.

"हे काय करताय?"

"गप. पावण्याचं मन राखतोय."

"पावण्याचं का तुमचं?"

मी चार फुलं त्या वाळक्या फांद्यांना दोऱ्यानं बांधली. हिरव्या दोऱ्यानं, ही अक्कल कुणाला सुचली नसती! लांबून बघितलं तर झाड जिवंत. मी सुतळी सोडली, चुन्याची रेघ पायानं पुसली आणि वर बघतो तर दारात व्याही! खांद्यावर तांदळाची पिशवी, डोक्याला टोपी.

"पावणं! उद्या येणार व्हता ना?"

"सवड झाली."

पाणी नाही, हात-पाय धुणं नाही, सरळ गुलाबाकडं. मी मधे उभा राहिलो, "आधी चहा घ्या, बसा, भाताचं कसं काय?" पण ते माझ्या बगलेखालून बघत होते. तेवढ्यात सारिका धुण्याची बादली घेऊन आली आणि बाप दिसल्यावर हसली, मग लाल फुलं दिसल्यावर तिचं तोंड उघडंच राहिलं.

व्याही वाकले. एका फुलाला नाक लावलं. वास नाही. दुसऱ्याला बोट लावलं. मग तिसऱ्याकडं निरखून बघत म्हणाले, "ह्याला बनेल कशापायी घातलंय?"

मंचरच्या फुलांना कळीवर प्लॅस्टिकची पांढरी जाळी असते. तीन काढल्या, एक राहून गेलेली.

"थंडी हाय ना लई," मी म्हणालो.

ओट्यावर कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट. भिंतीपलीकडं मात्र गेनभाऊ खोकला, आणि तो खोकला नव्हता.

व्याह्यांनी शांतपणे दोरा सोडला, चारही फुलं काढून माझ्या हातात दिली. मग खालचं एक पिळलेलं पान घेतलं. उन्हाकडं धरलं नाही, उलटं केलं नाही, "हं" म्हणाले नाहीत. नुसतं बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "हे तण मारायच्या औषधानं झालंय."

मी उसळलो. "पावणं, इथं काय भाताचं खाचर हाय का? वट्यावर तण कुठलं आणि तणाचं औषध कुठलं! मी टॉनिक मारलंय, किडीचं मारलंय, बोकड्याचं मारलंय. तणाचं औषध ह्या वट्यावर आलंच न्हाई!"

"आमच्याकडं भातात मारतो. रुंद पानाचं तण असंच पिळतं आणि मरतं. भाताला काय व्हत न्हाई. भात गवताच्या जातीचा." एवढं लांब ते आयुष्यात बोलले नसतील. दम घेऊन म्हणाले, "सारिके, तुझा गवती चहा व्हता ना?"

"गोठ्यामागं टाकलाय, दादा."

"मेला?"

"न्हाई. एकदम झ्याक हाय."

व्याह्यांनी मान डोलावली. "त्यो बी गवतच. पंप कुठंय?"

गोठ्यातून पंप आणला. व्याह्यांनी झाकण फिरवून काढलं, नाक नेलं आणि झटकन मागं घेतलं. पंप माझ्यापुढं धरला. मी वास घेतला. तो वास मी ओळखतो. त्या वासाचं तणाचं औषध मी स्वतः दिवाळीनंतर उसात मारलेलं आहे. एकरभर. ह्याच पंपानं.

"धुतला व्हता मी," मी म्हणालो.

"कितींदा?"

"येकदा."

"कसा?"

"तांब्याभर पाणी घातलं आणि... हेलकावला."

आणि इतका वेळ भिंतीवर हनुवटी टेकून बसलेला गेनभाऊ, देव त्याचं भलं करो, म्हणाला, "तात्या, पारावर तुमीच सांगता ना समद्यास्नी? तणाचा पंप येगळा ठेवा, एक थेंब बी राह्यला तरी पीक हातचं जाईल? माझ्याकडनं तर शपथ घेतली व्हती तुमी! मी दोन पंप आणले की तवापासनं!"

म्हणजे बघा. मी टॉनिक मारलं, त्यातून विष गेलं. विषानं पान वळलं, म्हणून औषध मारलं, त्यातून परत विष. जेवढा रोग वाढला तेवढा मी मारला, आणि जेवढा मी मारला तेवढा रोग वाढला! सहा कुंड्या, एक तुळस आणि शेजाऱ्याची शेवंती, एवढा मुलूख मी एकट्यानं सर केला. आणि जी एकच गोष्ट सत्य सांगत ताठ उभी होती, तिला उकिरड्यावर बसवलं.

"मी इचारलं व्हतं," आमची मंडळी आतून म्हणाली. एवढंच. पण ती ते अजून म्हणते. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी म्हणते.

व्याही दोन दिवसांसाठी आलेले, आठ दिवस राहिले. वळलेलं सगळं त्यांनी छाटलं. कुंडीतली वरची माती काढून नवी घातली. झाड राहिलं वीतभर, काडीसारखं. सारिका बघत उभी होती. तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि मी तिला तोंड दाखवायला नको म्हणून मागच्या दारानं येत-जात होतो. रोज सकाळी बापलेक त्या काडीपुढं बसायचे. मी लांब, पायरीवर. जवळ बसायची मला बंदी नव्हती, पण मी जवळ गेलो की व्याही कुंडीवर हात धरायचे, कोंबडी पिल्लावर पंख धरते तसा. आठव्या दिवशी काडीच्या बुडाशी तांबडा ठिपका दिसला. मला वाटलं, रोग! तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच परत मिटलं.

"कोंब," व्याही म्हणाले, टोपी नीट केली आणि तळेघरची एसटी धरायला निघाले.

पौष गेला. माघात एका सकाळी सारिकाची हाक आली. बोटं मोजायची गरज नव्हती, फूल एकच होतं. लहान, फिकट गुलाबी, वास मात्र दारापर्यंत. फोन गेला, आणि दुपारच्या गाडीनं व्याही हजर. त्यांनी फूल तोडलं नाही. नुसते वाकले, डोळे मिटले. मग म्हणाले, "तिचाच वास." सारिका पदरानं डोळे पुसत आत गेली. आमची मंडळी तिच्या मागोमाग.

ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो. आता बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं काय बोलायचं ते. तीन अक्षरांचा शब्द आहे. शाळेत चौथीपर्यंत शिकवतात. पण माझ्या उभ्या जन्मात तो शब्द मी कुणासाठी काढलेला नाही. बापापुढं नाही, मास्तरापुढं नाही, बायकोपुढं तर प्रश्नच नाही. मी खाकरलो. व्याह्यांकडं न बघता, समोर रस्त्याकडं बघत सुरुवात केली.

"पावणं, माझं... चु... चु..."

व्याही थांबले. वाट बघत राहिले. घाम फुटला मला. माघात!

"...चुना हाय का?"

व्याह्यांनी खिशातून डबी काढली, माझ्या तळहातावर चुना ठेवला, त्यावर तंबाखू ठेवली. म्हणाले, "पोचलं."

तंबाखू सोडून मला पंधरा वर्षं झालेली. पण तेवढी एक चिमूट मी मळली, खाल्ली, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, गेनभाऊनं भिंतीवरून पाणी दिलं. तरी सांगतो, तो शब्द उच्चारण्यापेक्षा ते फारच सोपं गेलं!